वेगाचा काय नेम!

धनुर्विद्येशी माझा प्रत्यक्ष संबंध आयुष्यात एकदाच आला. इयत्ता चौथीच्या स्नेहसंमेलनात मी वानरसेनेत होतो आणि रामाने रावणावर सोडलेला बाण मला लागला. तेव्हापासून बाण मारणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, हे धोरण मी कटाक्षाने पाळत आलो आहे. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि काउंटरच्या जाळीआड सुरक्षित झालो. पण भाचा नावाचं नातं जाळी मानत नाही.

त्याचं असं झालं. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाल्या. साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं आणि साताऱ्यातच घडलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने त्याच दिवशी अंतिम फेरीत 150 पैकी 150 मारले. पंधरा बाण, पंधराही दहात! बातमी आली आणि आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरातला एकेक मुलगा एकदम ताठ उभा राहून, एक डोळा मिटून आईकडे बघू लागला. आमच्या ताईचा मुलगा त्यातलाच. फरक इतकाच, की त्याने खरोखरच दीड वर्ष घाम गाळला आणि मग एका रविवारी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, स्वतःचं धनुष्य घ्यायला पाहिजे."

किंमत ऐकून मी खुर्चीचे हात धरले. माझी स्कूटर, सौ.चा फ्रिज आणि आमचं लग्न, या तिन्हींचा खर्च मिळून तेवढा झाला नव्हता. दाजी शेतकरी माणूस, ते म्हणाले, "पावणं, एवढ्या पैशात दोन म्हशी येत्यात, आन् त्या दूध तरी देत्यात." पण ताई काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण हा लेख मी भांडायला लिहायला घेतला आहे.

धनुष्याबरोबर एक गुळगुळीत माहितीपत्रक आलं. त्यावर ठळक आकडा: सेकंदाला 330 फूट! भाच्याने ते देवघराशेजारी चिकटवलं. मग मैदानावरच्या वेग मोजायच्या यंत्रातून बाण सोडला. यंत्र म्हणालं, 268. भाच्याचा चेहरा असा झाला, की जणू त्याच्या पासबुकातून कुणी 62 फूट परस्पर काढून नेले.

"मामा, आपल्याला फसवलं!"

मी म्हटलं, "अरे थांब. शिल्लक जुळत नसली की आरडाओरडा करायचा नसतो. मेळ घालायचा असतो."

वाचक हो, वाणिज्य शाखेच्या पदवीचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला, पण तो जबरदस्त झाला. माहितीपत्रकाच्या तळाशी, मुंगीनेही चष्मा लावून वाचावं अशा अक्षरांत अटी होत्या. ठेवीच्या जाहिरातीत व्याजाचा दर मोठा आणि अटी बारीक असतात, तशाच. तो 330 कधी? तर धनुष्याचा ताण 70 पाउंड, दोरीची ओढ 30 इंच, बाण 350 ग्रेनचा, आणि दोरीवर बाकी काही नाही. (ग्रेन म्हणजे जोंधळ्याचा दाणा नव्हे, 350 ग्रेन म्हणजे साधारण पावणेतेवीस ग्रॅम.) हे माप मुळात अमेरिकेतल्या शिकारी मंडळींचं. कंपाउंड धनुष्यही तिकडचंच. मिझुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने 1966 साली अर्ज करून 1969 च्या अखेरीस त्याचं पेटंट मिळवलं. टोकांना चाकं बसवली, म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांवरचा भार पार उतरतो. माणसाला निवांत नेम धरता यावा, हा त्यातला मोठा फायदा. आणि आपण त्यात वेग शोधत बसलो!

मी पाठकोऱ्या कागदावर मेळ मांडला. जाहिरातीप्रमाणे शिल्लक 330. भाच्याची ओढ साडेसत्तावीस इंच, म्हणजे अडीच इंच कमी. इंचाला ढोबळ मानाने दहा फूट जातात, वजा 25. ताण 50 पाउंड, म्हणजे वीस कमी. दहा पाउंडांना पंधरा ते वीस फूट धरतात, वजा 35. दोरीत बसवलेला नेमाचा बारीक डोळा आणि बाण अडकवायचा फास, वजा 5. बाण दहा ग्रेनने हलका, अधिक 3. एकूण 268. पै न् पै जुळली! इतका आनंद मला अर्धवार्षिक हिशेब जुळल्यावरही झाला नव्हता.

शिवाय जागतिक नियमांप्रमाणे स्पर्धेत 60 पाउंडांच्या वर ताण चालतच नाही. म्हणजे 70 पाउंडांचा तो आकडा मैदानावर कधी दिसणारच नव्हता. सासरच्यांनी मुलगी दाखवताना तिच्या मावसबहिणीचे मार्क सांगावेत, तसला तो प्रकार.

पण सतराव्या वर्षी माणसाला मेळ नको असतो, वेग हवा असतो. त्यात आमच्या शेजारी एक निवृत्त साहेब राहतात. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाइली पुढे ढकलल्या, पण वेगावर त्यांची अपार श्रद्धा. ते म्हणाले, "यंग मॅन, स्पीड इज एव्हरीथिंग! तीनशेच्या आत बात नाही." झालं. भाच्याने किल्ली घेऊन लिम्बचे बोल्ट आवळले. (लिम्ब म्हणजे कडुलिंब नव्हे, धनुष्याचे दोन हात. पण पुढचा अनुभव कडूच.) ताण 58 वर नेला. कुणाकडून तरी 280 ग्रेनचे हलके बाण आणले. यंत्राने आकडा दाखवला, 302. साहेबांनी पेढे मागितले.

आठ दिवसांत त्याचे गुण 720 पैकी 664 वरून 631 वर आले. पंधराव्या दिवशी तो जेवताना डाव्या हाताने ताट पुढे ओढू लागला. ताईच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं. "उजवा खांदा दुखतोय का रे?" तो म्हणाला, "नाही." मुलगा 'नाही' इतक्या पटकन म्हणाला, की आईला कळायचं ते कळतं. रात्री तिचा मला फोन. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पैसे गेले तर फेडू रे. खांदा गेला तर कुठनं आणायचा?" त्या रात्री मला प्रॉव्हिडंट फंडाची आठवणही झाली नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याच्या प्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी बाण हातात घेऊन तोलला आणि विचारलं, "धनुष्य मोडायचं ठरवलंय का?" पाउंडामागे निदान पाच ग्रेन तरी बाणाचं वजन हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. आमचं पडत होतं पावणेपाचच्या आसपास. धनुष्यात साठलेली ताकद बाणाने घेऊन जायची असते. बाण फारच हलका असला, की उरलेली ताकद धनुष्याच्या अंगात परत शिरते आणि एक दिवस लिम्बला तडा जातो. शिवाय तो बाण 58 पाउंडांना लेचापेचा. सुटताना उसासारखा वाकायचा आणि वळवळत जायचा.

मग सुरू झालं खरं ट्यूनिंग, आणि तिथे मी मदतनीस म्हणून लागलो. जुन्या कॅलेंडरच्या चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बसवायचं आणि दोन-अडीच मीटरवरून त्यातून बाण मारायचा. कागद सरळ गोल फाटला तर बाण सरळ गेला. शेपूट डावीकडे फाटलं, वर फाटलं, तर बाणाचं टेकण किंवा दोरीवरची बाणाची जागा मिलिमीटरभर हलवायची. पहिला बाण अर्थमंत्र्यांच्या छायाचित्रातून आडवा गेला. आठवा राशिभविष्यातून गेला तेव्हा भोक अगदी गोल पडलं. माझीच रास होती, पण मी शुभ मानलं.

दुसरी गोष्ट, वरचं चाक आणि खालचं चाक एकाच क्षणी थांब्याला टेकतात का. आमचं वरचं आधी पोचत होतं. बँकेत साहेब आधी पोचतात आणि किल्ली शिपायाकडे असते, तसं. प्रशिक्षकांनी धनुष्य दाबयंत्रात धरून केबलला अर्धा पीळ दिला. (हे घरी पक्कड घेऊन करू नये. साहेबांनी तशी तयारी दाखवली होती.) बोल्ट सैल केले, वरचा जितका तितकाच खालचा. ताण 52 वर आला, बाण जुनेच. वेग भरला 273. पाच फूट वाढलेच की, खांदा न मोडता!

आता वेगवाद्यांना माझा रोकडा सवाल. कंपाउंडचं लक्ष्य 50 मीटरवर, ते काही पळून जात नाही. दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. बाण तिथे पोचेपर्यंत सव्वासहा-साडेसहा फूट खाली येणार किंवा साडेपाच, त्याला काय महत्त्व? नेमाचं यंत्र तेवढं सरकवलं की झालं. पण एक बाण 270 ने गेला आणि दुसरा 267 ने, तर दुसरा जवळजवळ 4 सेंटिमीटर खाली बसतो. म्हणजे दहाच्या मध्यातून थेट दहाच्या काठावर! आणि हे तीन फूट जातात कुठे? थकलेला खांदा दोरी पाव इंच कमी ओढतो, तिथे.

वेग अगदीच टाकाऊ, असं मी म्हणत नाही. वाऱ्यात वेगवान बाण कमी भरकटतो. जंगलात, न मोजलेल्या अंतरावर मारायचा असेल, तर अंदाज चुकला तरी तो सांभाळून घेतो. पण वेग हे व्याज आहे, मुद्दल नव्हे. मुद्दल म्हणजे सारखेपणा. आपल्या पूर्वजांनी हे ओळखून निशाण्याला आणि नित्यनियमाला एकच शब्द ठेवला: नेम! ज्याचा काही नेम नाही, त्याचा नेम लागायचा कसा?

परवा जिल्हा निवड चाचणी झाली. भाच्याने 675 मारले. खांदा दुखत नाही. मी ताईलाच विचारून खात्री केली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच येते आहे. त्याच्या वहीत पहिल्या पानावर ते साल लिहिलंय. 330 चं माहितीपत्रक मात्र देवघराजवळून निघालं. ते आम्ही कागदफाडीच्या चौकटीवर ताणलं आणि पहिलाच बाण शून्यातून गेला. गोल.

काल काउंटरवर एक गृहस्थ खेकसले, "अहो, जरा हात चालवा, हात! किती सावकाश मोजता?" मी नोटा दुसऱ्यांदा मोजत होतो. एक जास्त निघाली. मी ती काढून ठेवली आणि नम्रपणे म्हणालो, "साहेब, वेग वाढवला असता, तर ही तुमच्याकडे गेली असती."

ते म्हणाले, "मग वाढवायचा होता!"