तिसऱ्या चढाईचा हिशेब वेगळा ठेवा




प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कबड्डीच्या गावांत एकच विचारणा सुरू होते : यंदा आपला कोण लागणार? २०१८ साली चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईने यू मुम्बाकडून पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण मिळवले. ३६ लाख ४० हजारांना घेतलेल्या या गड्यावर पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. तेव्हापासून इथल्या पोरांनी मोठी आशा धरली तर ते रास्तच आहे. पण पोरगा जोखायची आपली पद्धत चुकीची आहे आणि तिचा सर्वांत मोठा फटका तिसऱ्या चढाईला पाठवल्या जाणाऱ्या मुलांना बसतो, म्हणून हे पत्र.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणाराच बाद. समोरच्या संघाला हे पक्कं ठाऊक असतं. त्यांचे कोपरारक्षक मागे दबून राहतात, कुणी उगाच पुढे येत नाही. तीस सेकंद सरत जातात तसं चढाईपटूलाच आत घुसावं लागतं आणि तिथेच त्याचा घोटा धरला जातो. मुख्य चढाईपटू मैदानात टिकावा म्हणून अनेक संघ या कामाला दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला गडी काढतात. डावपेच म्हणून ते योग्यच आहे. सामना संपल्यावर मात्र त्याच मुलाचे गुण मुख्य चढाईपटूच्या गुणांशेजारी मांडायचे आणि ‘याच्यात दम नाही’ म्हणायचं, हा उघड अन्याय आहे. एकाला नको वाटलं तर रिकाम्या हाताने परतायची मुभा होती, दुसऱ्याला ती एकदाही नव्हती.

याच्या उलट चूकही तितकीच घातक. एखाद्या स्पर्धेत एका मुलाने तिसऱ्या चढाईत चार-पाच वेळा गुण आणले की गाव त्याला डोक्यावर घेतं आणि लीगची भाषा सुरू होते. ते गुण कसे आले, हे कुणी विचारत नाही. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस मिळतो आणि बोनसवरही तिसरी चढाई सुटते. पाच किंवा कमी असतील तर बोनस नाही, गडी टिपावाच लागतो. तीन किंवा कमी असतील तर पकड झाल्यावर समोरच्यांना दोन गुण जातात. या तीन प्रसंगी लागणारं कसब वेगवेगळं आहे. केवळ बोनसवर निभावणारा मुलगा आणि चार बचावपटूंतून हात लावून मध्यरेषा गाठणारा मुलगा कागदावर सारखेच दिसत असतील, तर तो कागद निवडीच्या कामाचा नाही.

एका खास कामाचा खेळाडू कसा जोखायचा, हा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमध्येही आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू झेलून परत धावत आणणारे खास खेळाडू असतात. त्यांना सामन्यात मोजक्याच संधी मिळतात आणि पुढे अडवणूक करणाऱ्या साथीदारांशिवाय त्यांना वाटच मिळत नाही. महाविद्यालयातून व्यावसायिक संघात घेताना अशांची किंमत काय करावी, यावर तिथे वर्षानुवर्षे वाद होतात. डेव्हिन हेस्टरला २००६ मध्ये शिकागो बेअर्सने दुसऱ्या फेरीत निवडलं. २०२४ मध्ये तो त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, तो मुख्यतः याच एका कामगिरीवर.

साथीदारांचा मुद्दा कबड्डीत तर आणखी महत्त्वाचा. बाद झालेला चढाईपटू आपल्या संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत बाहेर बसतो. २०१८ च्या यू मुम्बाकडे कर्णधार फझल अत्राचलीचा भक्कम बचाव होता, त्यामुळे सिद्धार्थला पुन्हा पुन्हा आत येता आलं. पुढच्या हंगामात टायटन्सकडूनही त्याने दोनशेच्या वर गुण घेतले, हे त्याचं अस्सलपण. तरीही तो संघ बारा संघांत अकरावा राहिला. याउलट मार्च २०२४ मध्ये विजेती ठरलेली पुणेरी पलटण पाहा. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्यात चढाई वाटली गेली होती, आणि त्यांच्यातले काही बचावातही उपयोगी पडत होते. आपल्या मुलाबद्दल निवडकर्त्याने हेही विचारलं पाहिजे : चढाई नसते तेव्हा हा साखळीत कसा उभा राहतो? पकडीत हात घालतो का? मातीवरचा त्याचा पाय मॅटवर तसाच फिरतो का?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. स्पर्धांच्या आयोजकांनी आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी प्रत्येक चढाईची नोंद ठेवावी : चढाई कितवी, समोर गडी किती, गुण हाताने, पायाने की बोनसने, आणि रिकामी गेली तर तेही. गुणलेखकाशेजारी वही घेऊन बसलेला एक विद्यार्थी हे करू शकतो. ही वही निवड चाचणीला येणाऱ्या प्रत्येक मुलासोबत जावी. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांना आपण बक्षीस देतोच. येत्या मोसमापासून तिसऱ्या चढाईसाठीही स्वतंत्र बक्षीस ठेवावं, आणि ते एकूण गुणांवर न देता या वहीवरून द्यावं.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक, कोल्हापूर