तीनशे देखणे आणि एक कुबडा

परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही एवढी वर्षं इतिहास शिकवलात, आणि 'थ्री हंड्रेड' बघितला नाहीत?" सिनेमा तसा जुना. २००७ साली जगभर लागला तेव्हा माझा राहून गेला होता. फ्रँक मिलर यांच्या १९९८च्या चित्रकथेवरून झॅक स्नायडर यांनी काढलेला. रविवारी दुपारी दोघे बसलो. संपला तेव्हा नातू खूष आणि मी चिडलेला! का चिडलो ते त्याला तेव्हा धड सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी चांगले ते सांगतो. सिनेमा दिसायला सुंदर आहे, यात वाद नाही. जवळजवळ सगळे चित्रीकरण स्टुडिओत करून डोंगर, समुद्र, आभाळ मागाहून संगणकावर भरले आहे. चित्रकथेतली चौकटच हलू लागली असे वाटते.

गोष्ट इ.स.पू. ४८० सालची. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास इराणी सम्राट झर्क्सिसची प्रचंड फौज तीन दिवस अडवून धरतो. शेवटी एफिआल्टिस नावाचा फितूर शत्रूला डोंगरातली आडवाट दाखवतो. पावनखिंडीच्या धड्यानंतर मीही ही हकीकत वर्गात रंगवून सांगत असे.

इराण्यांना यात राक्षस करून टाकले आहे. त्यावर इराण सरकारने तेव्हाच निषेध नोंदवला होता, लिहिणाऱ्यांनीही पुष्कळ लिहिले. माझे भांडण आहे ते एफिआल्टिसवरून.

हिरोडोटसने ही लढाई लिहून ठेवली आहे. त्यात एफिआल्टिस हा त्याच मुलखातला एक माणूस, बक्षिसाच्या आशेने फितूर झालेला. तो कुबडा होता असे कुठेही नाही, आणि तो स्पार्टाचाही नव्हता. मिलरसाहेबांनी त्याला कुबड दिले, विद्रूप चेहरा दिला, आणि वर स्पार्टन आईबाप दिले. व्यंग असलेले बाळ कड्यावरून फेकायचे ही तिथली रीत म्हणून त्यांनी त्याला घेऊन पळ काढला, असे दाखवले आहे. (ही रीतसुद्धा प्लुटार्कने थर्मोपिलीनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिलेली.) मोठा झाल्यावर तो लिओनिडासकडे येतो, मला लढू द्या म्हणतो. त्याला ढाल पुरेशी वर उचलता येत नाही, ढालींच्या भिंतीत फट पडेल म्हणून राजा नकार देतो. मग हा जाऊन शत्रूला मिळतो.

आता याचा अर्थ काय झाला? जे बाळ फेकायचे होते ते वाचले, आणि त्यानेच घात केला. म्हणजे कडा बरोबर आणि आईबापांची माया चूक!

बरे, ढालींच्या भिंतीचे एवढे कौतुक, तर पुढे राजेसाहेब स्वतःच रांग सोडून एकटे पुढे धावत सुटतात. तेही संथ गतीने, आपल्याला नीट दिसावे म्हणून.

सिनेमाची बाजू घेणारे म्हणतात, ही गोष्ट डिलिओस नावाचा सैनिक सांगतो आहे, अतिशयोक्ती त्याची. असेल. पण मग त्याला खोडून काढणारे एक तरी वाक्य सिनेमात हवे होते. उलट या डिलिओसचा लढाईत एक डोळा जातो, राजा त्याला परत पाठवतो आणि घरी त्याचा मान होतो. हिरोडोटसमध्ये असा खरा माणूस आहे. नाव ॲरिस्टोडेमस. डोळ्यांच्या दुखण्यामुळे तो मागे राहिला आणि जिवंत परतला. स्पार्टात त्याच्याशी कोणी बोलेना, चूल पेटवायला विस्तव देईना. पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईत तो जिवावर उदार होऊन लढला आणि मेला, तरी त्याला मान दिला नाही. ही गोष्ट दाखवली असती, तर या देखण्या वीरांचे गाव आतून कसे होते ते कळले असते.

आणखी एक. याच स्पार्टाचा पुढचा एक राजा, एजेसिलॉस, पायाने लंगडा होता. त्याने सुमारे चाळीस वर्षे राज्य केले, इराण्यांवर स्वारीही केली.

मला हे एवढे का लागले? आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी मला पोलिओ झाला, डावा पाय बारीकच राहिला. शाळेत कवायतीला मास्तर मला रांगेबाहेर बसवत, रांग बिघडते म्हणून. मी कोणाशी फितुरी केली नाही. सदतीस वर्षे मुले शिकवली.

आणि परवा शेजारी बसलेला माझा नातू सहज म्हणाला, "तो कुबडा आला ना, तेव्हाच मी ओळखलं, हाच फितूर होणार." त्याच्या मनात काही नव्हते. सिनेमाने शिकवले ते तो बोलला.

काल त्याला ॲरिस्टोडेमसची आणि त्या लंगड्या राजाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "यांच्यावर सिनेमा का नाही काढला?"

तेच तर म्हणतोय! सिनेमा मुलांना जरूर दाखवा, पण नंतर दहा मिनिटे त्यांच्यापाशी बसा. असो.