पारध्यांसाठी एक टेबल आणि एक माणूस

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या ‘पारधी पिढी’चे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीचे, नाव वर्तमानपत्रात येते ते बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेसनोटमधून: छापा, अटक, मुद्देमाल. हा शिक्का जुना आहे: 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला. आज फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. शिष्यवृत्ती, घरकुल, वसतिगृह यांवर त्यांचा हक्क आहे, पण त्या हक्काची वाट जातीच्या दाखल्यातून जाते आणि दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा पाल उचलून गावोगाव हिंडत होते, त्यांच्याकडे ना सातबारा, ना शाळेचा निर्गम उतारा. ज्या फिरण्यापायी संशय घेतला गेला, तेच फिरणे आता पुराव्याच्या आड येते.

धाराशिव, कळंब, तुळजापूरसारख्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या पारध्यांसाठी सरकारी उत्तर ठरलेले असते: समाजमंदिर. बांधकामाचे बिल निघते, फीत कापली जाते, मग आत मंडपाचे बांबू आणि दाराला कुलूप. इमारत दुय्यम आहे. नगरपरिषदेने एक टेबल आणि एक कायम पगारी माणूस द्यावा. पारध्यांच्या घरात गुजरातीशी नाते असलेली बोली बोलतात, ती त्याला येत असावी. जन्मनोंद, आधार, रेशनकार्ड, प्रांत कार्यालयातला दाखला, शाळाप्रवेश ही कामे त्याने शेवटपर्यंत लावून धरावीत; कुणाला पोलिसांनी उचलले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील गाठून द्यावा. कॅनडात 1950 च्या दशकात शहरांकडे आलेल्या आदिवासींसाठी अशीच ‘मैत्री केंद्रे’ निघाली. आज ती शंभराहून अधिक आहेत आणि त्यांचा कारभार मुख्यतः आदिवासींच्याच हाती आहे.

यावर पहिले म्हणणे येईल की आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय सोलापुरात आहेच. आहे, पण कळंबहून तिथे जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून वर एसटीचे तिकीट, आणि एका कागदासाठी तीन खेपा. दुसरे म्हणणे संख्येचे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकसंख्येत आदिवासी दोन टक्क्यांच्या आसपास, आणि पारधी त्यातलेही काही. मते थोडी, म्हणून आवाजही थोडा. पण मग खर्चही थोडाच. वजनदार आक्षेप तिसरा: वेगळे केंद्र काढले तर शिक्का आणखी गडद होईल. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत 1990 च्या दशकापासून पारधी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालते. ती वेगळी असूनही मुलांना शिक्षणाच्या प्रवाहात आणते. पण मूल तिथे गेले तरी आईबाप पालावरच राहतात, आणि कागद त्यांच्याच नावाचे अडलेले असतात. तरीही या आक्षेपाला मान द्यायचा तर टेबल वस्तीत न ठेवता नगरपरिषदेच्या शाळेत ठेवावे आणि वैदू, मसणजोगी, ज्याचे कागद अडले त्या प्रत्येकासाठी खुले करावे. पुढच्या समाजमंदिराचा ठराव सभेत येईल तेव्हा नगरसेवकांनी चौरस फुटांआधी पगाराची तरतूद विचारावी.