नांगराखालचे नगर

इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात, नेन नदीच्या काठी, वॉटर न्यूटन या खेड्यालगतच्या जमिनीखाली ड्युरोब्रिव्ही ही रोमन वसाहत दडलेली आहे. लंडनहून लिंकन व यॉर्ककडे जाणारा अर्माइन स्ट्रीट हा मार्ग येथे नदी ओलांडीत असे. उताराच्या रक्षणासाठी प्रथम किल्ला झाला आणि रस्त्यावरील रहदारीच्या आधाराने गाव वाढले. परिसरातील भट्ट्यांतून निघालेली मातीची भांडी ब्रिटनभर दूरवर विकली जात. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता उठली, सैन्याला मिळणारा पगार थांबला आणि त्याबरोबर अशा गावांचा बाजारही ओसरला.

एडमंड आर्टिस यांनी १८२० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले. तथापि बराचसा भाग अद्याप अस्पर्शित आहे. वरकरणी रिकाम्या दिसणाऱ्या या जमिनीला कायद्याचे संरक्षण कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर १९७५ साली मिळाले. नुकत्याच नांगरलेल्या शेतात चौथ्या शतकातील ख्रिस्ती उपासनेची चांदीची पात्रे सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मात्र जो नांगर ठेवा वर आणतो, तोच त्याभोवतालचे थर विस्कटतो, आणि पुरातत्त्वाचा खरा पुरावा त्या थरांतच असतो.

१९७९च्या ब्रिटिश कायद्यान्वये संरक्षित स्थळी नवे बांधकाम वा खोदकाम परवानगीवाचून करता येत नाही; परंतु पूर्वापार चालत आलेल्या नांगरटीला सामान्यतः मुभा आहे. ही मुभा काढून घेणे सोपे, पण न्याय्य नव्हे. कारण जतनाचा लाभ साऱ्या समाजाला आणि बुडालेल्या पिकाचा तोटा एकट्या शेतकऱ्याला, हा हिशेब कोठेही टिकत नाही. म्हणूनच २००५ साली सुरू झालेल्या योजनेत, पुरातन अवशेषांची जमीन लागवडीखालून काढणाऱ्या शेतकऱ्यांस मोबदला देण्याची तरतूद झाली, ती योग्यच होय.

इस्पितळे व शाळा यांना पैसा अपुरा असताना हा खर्च कशाला, हा आक्षेप गैरलागू नाही. पण लांबलेली शाळा पुढे बांधता येते. विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही. रोमशी व्यापार करणाऱ्या आपल्या तेरच्या पांढरीलाही हाच न्याय लागू आहे. बंदीचा फलक फुकट लावता येतो. जतनाची किंमत मात्र कोणीतरी मोजावी लागते, आणि ती समाजानेच मोजली पाहिजे.