बाळाचे हृदय सावरेपर्यंत



हृदयशस्त्रक्रियेनंतर तान्ह्या बाळाला ‘एक्मो’ या यंत्रावर ठेवणे म्हणजे निव्वळ बिल फुगवणे, हे एका पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटले नाही. थकलेले हृदय सावरेपर्यंत रक्त शरीराबाहेर नेऊन, त्यात प्राणवायू मिसळून पंपाने परत पाठवायचे, हे त्या यंत्राचे काम. १९७५ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी श्वास गमावत चाललेली एक नवजात मुलगी याच यंत्रावर वाचवली. रक्तस्राव, गुठळ्या, मेंदूला इजा हे धोके आहेतच. ते आईवडिलांना आधी, सोप्या मराठीत सांगायलाच हवेत.

माझी काळजी वेगळी आहे. आमच्या परंडा-भूम तालुक्यांतल्या बाळाचा हृदयाचा आजार वेळेत कळतो का? घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाच्या हातापायाला रक्तातला प्राणवायू मोजणारा पल्स ऑक्सिमीटर लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते, पण निदान झाले तरच.

– एक वाचक, धाराशिव