मसूरचं स्टेशन आणि जपानचा हुकूम



१९०१ साल. साताऱ्याजवळच्या पाडळी स्टेशनावर आगगाडीत बसलेली पोरं मसूरला उतरली. बाप खटाव तालुक्यातल्या गोरेगावला नोकरीवर, त्याच्याकडं निघालेली. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर गोड बोलत होता. कळली आणि तोंड फिरलं. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी सौदा ठरला : भाडं दुप्पट, बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवान विटाळ नको म्हणून चालत येणार. वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. त्या पोरांतला एक भीमराव होता.

आगगाडीच्या तिकिटाला जात नव्हती, बैलगाडीला होती. विलायतेतलं यंत्र मसूरपर्यंत आलं आणि स्टेशनाच्या फाटकाशी थांबलं. फाटकाबाहेर गाव होतं.

सरंजामशाही गेली, आधुनिक युग आलं, असं शाळेच्या पुस्तकात लिहितात. दाखला द्यायचा तर जपानचा देतात. १८६८ नंतर जपाननं कात टाकली, जहागिरी मोडल्या, १८७२ साली आगगाडी सुरू केली, १९०५ साली रशियाला हरवलं. खरं आहे. पण त्या पुस्तकात एक पान नसतं. तिथंही मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे, गावाबाहेर ठेवलेले लोक होते. १८७१ साली सरकारनं हुकूम काढला : आजपासून तुम्ही सगळ्यांसारखे. बस्स, कागद! जमीन दिली नाही. कातड्याच्या धंद्यावरचा हक्क मात्र गेला आणि डोक्यावर कर आला. सरदार-सामुरायांना जहागिरी आणि तनख्याच्या बदल्यात सरकारी रोखे मिळाले, १८८४ साली सरदार घराणी नव्या उमरावांत जाऊन बसली. वरच्याला भरपाई, खालच्याला हुकूम! तो हुकूमही गावाला सोसला नाही. १८७३ साली मिमासाका प्रांतात शेतकऱ्यांनी या लोकांची घरं जाळली, माणसं मारली. आपल्या वाचकाला हे परदेशातलं वाटणार नाही.

आता आपल्या कृष्णाकाठावर या. आमच्या बापजाद्यांचं वतन म्हणजे गावाची वेठ. सांगावा न्या, सारा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, बदल्यात तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकर. हे वतन नव्हे, गळ्यातला दोर आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतनं खालसा झाली १९५९ साली. बाबासाहेब तेव्हा नव्हते. जमीन परत घ्यायची तर सरकारात पैसे भरायचे होते. ज्याच्या घरात संध्याकाळची भाकर नाही, तो कुठनं भरणार?

कूळकायद्यानं जमीन कसणाऱ्याला दिली म्हणतात. दिली ती कुळाला. कुळाच्या बांधावर रोजानं राबणारा मजूर कागदावर कुठंच नव्हता. याच मातीत १९४३ ते ४६ क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं सावकाराला वठणीवर आणलं, त्याला आमचा सलाम. पण स्वातंत्र्यानंतर साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा सभासद व्हायला ऊस हवा, उसाला पाणी हवं, पाण्याला जमीन हवी. साखळीची पहिली कडीच आमच्याकडं नव्हती. वाडा गेला, चेअरमनची केबिन आली. आम्ही वाड्याच्या दारात होतो, आता फडात कोयता घेऊन आहोत.

काहीच बदललं नाही असं आम्ही म्हणत नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. तिथं खरा सरंजाम मोडला, कारण तिथं ताट बदललं. नुसती यंत्रं आणून तो मोडत नाही. जपानात १९६४ साली जगातली सगळ्यात वेगवान आगगाडी धावली. १९७५ साली त्याच जपानात उघडकीला आलं की जुन्या अस्पृश्य वस्त्यांच्या पत्त्यांच्या छापील याद्या मोठमोठ्या कंपन्या चोरून विकत घेतात, नोकरीला आलेल्याचा पत्ता ताडून बघायला. तिथं पत्ता विचारतात, इथं आडनाव. ‘आता कुठं राहिलंय तसलं?’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा.

त्या लोकांनी सरकारी दयेची वाट पाहिली नाही. १९२२ साली क्योटोत जमले, स्वतःची संघटना बांधली आणि बजावलं की आमची मुक्ती आम्हीच करणार. महाडच्या पाच वर्षं आधी.

म्हणून दोस्तांनो, ७ नोव्हेंबरला बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा दिवस साजरा करा, हार घाला. पण ८ तारखेला तलाठ्याकडं जा. आपल्या गावच्या वतनी जमिनीचा, वर्ग सहा-ब चा जुना सातबारा काढा, फेरफार काढा. कुणाच्या आज्याच्या नावावर होती, आज कोण कसतं, कलेक्टरच्या परवानगीशिवाय कशी गेली, ते लिहून काढा आणि गावात वाचून दाखवा. हुकूम दीडशे वर्षं निघतायत. जमिनीचा हिशोब मागितल्याशिवाय मसूरच्या फाटकाबाहेर आपली गाडी जाणार नाही.

जय भीम!