बस जुनी, परवाना वैध

१० फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे ग्वाटेमाला सिटीच्या उत्तर वेशीवरील बेलिस पुलावर एका प्रवासी बसने पुढच्या काही वाहनांना धडक दिली, कठडा तोडला आणि ती खालच्या दरीतील सांडपाण्याच्या ओढ्यात जाऊन पडली. एल प्रोग्रेसो प्रांतातील सान आगुस्तीन आकासाग्वास्तलान या गावाहून राजधानीकडे निघालेले पन्नासहून अधिक प्रवासी त्यात मृत्युमुखी पडले. राष्ट्राध्यक्ष बेर्नार्दो आरेवालो यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. दळणवळणमंत्र्यांनी मात्र जी प्राथमिक माहिती दिली, ती अपघाताइतकीच बोलकी होती. बस तीस वर्षांची जुनी होती आणि तिचा परवाना वैध होता.

ही दोन विधाने परस्परविरोधी वाटावीत अशी ग्वाटेमालाची स्थिती नाही. तेथे ती एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ देशात प्रवासी रेल्वे उरलेली नाही. सरकारी रेल्वे १९९६ मध्ये बंद पडली. पुढे खासगी कंपनीने सुरू केलेली मालवाहतूकही २००७ मध्ये थांबली. त्याच १९९६ सालाच्या डिसेंबरात छत्तीस वर्षांचे यादवी युद्ध शांतता करारांनी संपले. करारांत पुनर्वसन होते, भाषांचे हक्क होते, जमिनीचा प्रश्न होता. पण खेड्यातला माणूस बाजाराला, दवाखान्याला आणि कचेरीला जाणार कसा, याची तजवीज ज्याची त्यानेच करायची होती. ती त्याने केली. अमेरिकेत शाळेच्या मुलांना ने-आण करून निवृत्त झालेल्या पिवळ्या बसच्या आधारे ग्वाटेमालाने आपली वाहतूक उभी केली.

या बसला तेथे ‘कामियोनेता’ म्हणतात. परदेशी पर्यटकांनी तिचे ‘चिकन बस’ असे बारसे केले, कारण तीतून कोंबड्याही प्रवास करतात. अमेरिकेतील शाळामंडळे ठरावीक वर्षे आणि मैल झाले की बस लिलावात काढतात. तेथून ती विकत घेऊन, मेक्सिको ओलांडून, हजारो मैल चालवतच ग्वाटेमालात आणली जाते. मग अँटिग्वाजवळच्या स्युदाद व्येहा यांसारख्या गावांतील कारखान्यांत तिला दुसरा जन्म मिळतो. गिअरबॉक्स घाटाच्या चढणीला साजेसा बसवला जातो, टपावर सामानाचा पिंजरा आणि मागे शिडी चढवली जाते, लाल-निळ्या-हिरव्या रंगांचे पट्टे ओढले जातात, समोर चकाकते पत्रे येतात आणि कपाळावर ‘एस्मेराल्दा’सारखे एखादे नाव. देवावरील श्रद्धेची एखादी ओळ काचेवर हमखास असते. २०१२ मध्ये आलेल्या ‘ला कामियोनेता’ या माहितीपटाने अशाच एका बसचा पेन्सिल्व्हेनियापासूनचा प्रवास टिपला आहे. ती बस बनवणारे, रंगवणारे आणि चालवणारे हात पाहिले की या धंद्यात किती कसब गुंतले आहे ते कळते. जगात फारच थोड्या ठिकाणी भंगारातून इतके उपयोगी काही निपजले असेल.

आणि उपयोगी ते आहेच. चिमाल्तेनांगो, लोस एन्क्वेन्त्रोस, क्वात्रो कामिनोस ही आंतरअमेरिकी महामार्गावरील नाकी म्हणजे या जाळ्याच्या गाठी. पश्चिमेकडील शेला, म्हणजे नकाशावरचे केत्साल्तेनांगो, येथून निघालेल्या माणसाला चिचिकास्तेनांगोच्या गुरुवारच्या वा रविवारच्या बाजारात जायचे असेल तर वेळापत्रक पाहावे लागत नाही. तसले वेळापत्रक नसतेच. रस्त्याच्या कडेला उभे राहावे, येईल ती बस हात करून थांबवावी, लोस एन्क्वेन्त्रोसला उतरावे आणि दुसऱ्या बसचा ‘आयुदान्ते’, म्हणजे क्लीनर, ‘चिची, चिची’ असे ओरडत असेल तिकडे वळावे. हा आयुदान्ते या व्यवस्थेचा प्राण आहे. तो तिकिटाचे पैसे गोळा करतो, कोण कुठे चढला हे कागदावाचून लक्षात ठेवतो, धावत्या बसच्या शिडीवरून टपावर जाऊन पोती बांधतो आणि मागच्या दाराने पुन्हा आत येतो. मुलांसाठी केलेल्या दोघांच्या बाकावर तिघे प्रौढ बसतात. तिसऱ्याचे अर्धे अंग मधल्या वाटेत असते आणि पलीकडच्या बाकावरच्या तिसऱ्याच्या आधाराने ते सावरलेले असते. काकचिकेल, किचे, माम अशा माया भाषा बोलणाऱ्या, विणलेले हुईपिल ल्यालेल्या बायका पाठीवर मूल आणि मांडीवर टोपली घेऊन या गर्दीत रोजचा संसार हाकतात. महामार्ग संपतो तेथे पिकअपच्या हौद्यात उभ्याने जायचे, आणि अँटिग्वा किंवा आतित्लान सरोवराकाठच्या गावांत पोहोचल्यावर ‘तुकतुक’ गाठायची. ही तुकतुक पुष्कळदा बजाजची असते. महाराष्ट्रात तयार झालेली रिक्षा माया गावांच्या चढावरच्या दगडी गल्ल्यांत शेवटचा मैल सांभाळते आहे.

मग बिघडते कोठे? उत्तर चालकाच्या खिशात आहे. तेथे त्याला ‘पिलोतो’ म्हणतात, जणू विमानच चालवतो! बहुतेक बसचा मालक एक-दोन गाड्यांचा धनी असतो. चालकाने त्याला दिवसाकाठी ठरलेली रक्कम द्यायची, डिझेल भरायचे आणि उरेल ते स्वतःचे व आयुदान्तेचे. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभा असलेला प्रत्येक प्रवासी हे त्याचे उत्पन्न आणि पुढे गेलेली प्रत्येक बस ही त्या उत्पन्नावरची धाड. वळणावर ओव्हरटेक करण्याचा जो ‘बेदरकारपणा’ वृत्तपत्रांना दिसतो, तो त्याच्या हिशेबात बेदरकारपणा नसतो. थांबला तर तो उपाशी राहतो. ब्रेकचे काम एक दिवस पुढे ढकलणे, टायर आणखी एक महिना चालवणे, उतारावर इंजिनावर भार टाकणे हे सारे त्याच गणितातून येते. फेऱ्यांची विपुलता आणि भाड्याची स्वस्ताई याच स्पर्धेची देणगी आहे. प्रवाशाला जी सोय मिळते आणि ज्या दरीत तो पडतो, त्या दोहोंचे मूळ एकच असल्याने या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

राजधानीत या गणितात आणखी एक खाते असते, खंडणीचे. ‘मारा साल्वात्रुचा’ आणि ‘बार्रिओ १८’ या टोळ्यांनी शहरी मार्गांवर वसुलीचे जाळे विणले. धमकीचे दूरध्वनी अनेकदा तुरुंगांतूनच येतात. रक्कम आठवड्याची, चुकली तर गोळी. आणि गोळी मालकाला क्वचितच लागते. मालक घरी असतो, तर चालक रोज त्याच मार्गावर, त्याच वेळी, काचेआड बसलेला. २०१० च्या आगेमागे चालक व आयुदान्ते यांच्या हत्या ही राजधानीतील नित्याची बातमी झाली होती. ३ जानेवारी २०११ रोजी तर शहरातील एका बसमध्ये आगबाँबचा स्फोट घडवून सामान्य प्रवाशांचे बळी घेण्यात आले. मारल्या गेलेल्या चालकांच्या विधवांनी पुढे आपली संघटना उभारली, यावरून त्यांच्या संख्येची कल्पना यावी. बस रोख पैशावर चालते म्हणून ती लुटता येते, आणि मालक विखुरलेले आहेत म्हणून त्यांना एकेकटे गाठता येते. गुन्हेगारीचे हे रूपही वाहतुकीच्या रचनेतूनच पोसले गेले.

राज्यसंस्थेने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. ग्वाटेमाला सिटीचे महापौर आल्वारो आर्सू यांनी २००७ मध्ये ‘ट्रान्समेट्रो’ सुरू केली. स्वतंत्र मार्गिका, उंच फलाटांची स्थानके, तेथे पालिकेचे पोलीस आणि एक केत्साल भाडे. ती यशस्वी झाली, कारण तीत चालकाचा पगार प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून नव्हता. पण पालिकेची हद्द संपली की ती संपते. उपनगरांतून आणि प्रांतांतून येणाऱ्या माणसाला हद्दीवर उतरून बदलावे लागते. केंद्रीय पातळीवरील प्रयोगाची कथा याहून उद्बोधक आहे. राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांच्या काळात २०१० मध्ये ‘ट्रान्सउर्बानो’ आली. प्रवाशाने आधी पैसे भरलेले कार्ड वापरायचे, म्हणजे बसमध्ये रोकडच राहणार नाही, आणि रोकड नाही म्हणजे खंडणी नाही, अशी ती कल्पना होती. कल्पना उत्तम होती. तिच्यासाठी बसमालकांच्या संघटनेकडे सुमारे ३ कोटी ५० लाख डॉलरचे सरकारी अर्थसाहाय्य वळवण्यात आले आणि त्या व्यवहारावरूनच फेब्रुवारी २०१८ मध्ये कोलोम व त्यांच्या अनेक माजी मंत्र्यांना अटक झाली. त्यांत तेव्हा ऑक्सफॅम इंटरनॅशनलचे अध्यक्ष असलेले माजी अर्थमंत्री हुआन आल्बेर्तो फुएन्तेस नाइट हेही होते. आरोप त्यांनी नाकारले. या प्रकरणाच्या मुळाशी गेलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावरील चौकशी आयोगाला सप्टेंबर २०१९ मध्ये गाशा गुंडाळावा लागला आणि २०२३ च्या जानेवारीत कोलोम यांचे निधन झाले.

यानंतर मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात सार्वजनिक वाहतूक देशभर महिनोन्‌महिने बंद राहिली. ज्यांना शक्य होते त्यांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. बसवरचा विश्वास असा एकेक प्रवाशाने कमी होत जातो. पर्यटकांनी तर तो आधीच काढून घेतला होता. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या कर्मचाऱ्यांना या बसमध्ये पाऊल ठेवू देत नाही, आणि परदेशी पाहुणे अनेक पटींनी अधिक भाडे मोजून हॉटेलच्या दारातून हॉटेलच्या दारात नेणाऱ्या शटल गाड्यांनी फिरतात. बसमध्ये उरतो तो दुसरा पर्याय नसलेला माणूस. त्याच्या बाजूने बोलणारे दबावगट नसतात.

कायदे नाहीत अशीही सबब नाही. ९ सप्टेंबर २०१३ रोजी सान मार्तीन हिलोतेपेकेजवळ बस दरीत जाऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१६ मध्ये काँग्रेसने रस्ता सुरक्षेचा कायदा संमत केला. प्रवासी व अवजड वाहनांना वेगनियंत्रक बसवण्याची अट त्यात आहे. अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षे रखडली. विम्याची गोष्ट याहून जुनी. रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला तृतीय पक्षाचा विमा हवा, असे १९९६ चा वाहतूक कायदाच सांगतो. नियमावलीअभावी ते कलम जवळजवळ तीन दशके पुस्तकात पडून होते.

बेलिस पुलानंतर आरेवालो सरकारने ते कलम जागे केले. मार्च २०२५ मध्ये विमा सक्तीचा करणारा आदेश निघाला, आणि देशातील प्रमुख रस्ते अडवले गेले. बस व ट्रकमालक तर होतेच, पण हजारो मोटारसायकलस्वारही त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरले. याचे आश्चर्य वाटायला नको. बसवरचा भरवसा उडाल्याने हप्त्यावर गाडी घेतलेल्या मजुराच्या माथी विम्याचा हप्ता आणखी एक ओझे म्हणून येत होता. बसमालकाला तो पेलायचा तर त्याने भाडे वाढवायला हवे, आणि भाडेवाढ तर याच मजुराच्या शेजाऱ्याने भरायची. काही दिवसांतच सरकारने माघार घेतली. आदेशाची अंमलबजावणी थांबली आणि विषय चर्चेच्या टेबलावर गेला. काँग्रेसमध्ये स्वतःचे बहुमत नसलेल्या आणि सत्तेवर येण्यापूर्वीपासून महाभियोक्त्यांच्या कचेरीशी झुंजणाऱ्या आरेवालो यांना राजधानीची कोंडी परवडणारी नव्हती.

तरीही सरकारची चूक केवळ दुबळेपणाची म्हणून सोडून देता येत नाही. विमा हा अपघातानंतरचा उपाय. चालकाला शर्यत लावायला भाग पाडणारी रोजची रक्कम, वाहनाच्या वयाकडे काणाडोळा करणारा परवाना आणि महामार्गावरची बस एका खात्याकडे तर शहरातील बस पालिकेकडे अशी वाटणी, यांपैकी कशालाही त्या आदेशाने हात लावला नव्हता. तीस वर्षांची बस विमा उतरवून पुलावर आली असती तरी तिचे ब्रेक तीस वर्षांचेच राहिले असते. मार्गाचा परवाना एकेका मालकाला न देता मालकांच्या सहकारी संघाला द्यावा, भाडे एका खात्यात जमा व्हावे, चालकाला महिन्याचा पगार मिळावा आणि त्या बदल्यात नवी बस घेण्यास सरकारने कर्ज द्यावे, ही वाट लांबची आणि खर्चाची आहे. ट्रान्सउर्बानोच्या अनुभवानंतर मालकांच्या संघटनेला सरकारी पैसा द्या असे म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही, हीदेखील त्या प्रकरणाने मागे ठेवलेली हानीच. पण त्या वाटेने न जाता काढलेला प्रत्येक आदेश अखेर चिमाल्तेनांगोच्या नाक्यावर येऊन अडतो. तेथे पुढची बस आलेली असते, आयुदान्ते ‘ग्वाते, ग्वाते’ ओरडत असतो, आणि टोपली घेऊन उभी असलेली बाई बसचे वय विचारत नाही. तिला बाजार उठण्यापूर्वी पोहोचायचे असते.